क्लॅरिनेट चौकडीची स्वरलिपी कस्टममधून सोडवताना

व्हिएन्नाचे संगीतकार आल्फ्रेड उल यांनी १९४२ मध्ये तीन क्लॅरिनेट आणि एक बेस क्लॅरिनेट यांच्यासाठी रचलेला ‘डिव्हर्टिमेंटो’ (हलकीफुलकी, अनेक भागांची वाद्यरचना) आमच्या मुंबईतील हौशी चौकडीला वाजवायचा होता. उल १९९२ मध्ये निवर्तले, त्यामुळे आपल्याकडे त्यांच्या रचनांवरील स्वामित्वहक्क २०५२ च्या अखेरपर्यंत राहील. मोत्सार्टप्रमाणे जुनी स्वरलिपी नेटवरून उतरवून घेण्याची सोय येथे नाही. म्हणून छापील संच परदेशातून मागवला.

घोडे अडले ते कुरिअर कंपनीच्या कस्टम विभागात. बीजकावर ‘क्लॅरिनेट क्वार्टेट’ एवढेच वाचून तेथील कर्मचाऱ्याने पाकीट सुषिर वाद्यांच्या ९२०५ या शीर्षकाखाली नोंदवले. छापील स्वरलिपीसाठी जकातीच्या वर्गवारीत ४९०४ हे स्वतंत्र शीर्षक असल्याचे मी ईमेलने कळवले, तर उत्तरादाखल वाद्याचे मॉडेल आणि अनुक्रमांक विचारण्यात आला. केवायसीसाठी पाठवलेली आधारची प्रत अस्पष्ट ठरवून परत आली. फोनवर दर वेळी नवी व्यक्ती असे आणि मला सारी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागे. एवढ्या हलक्या, चपट्या पाकिटात वाद्य असणे शक्य नाही, हे त्यांच्याच नोंदीतील वजनावरून कळायला हवे होते, आणि याचा राग मला अजूनही आहे. अखेर प्रकाशकाच्या सूचीतील पान, पाकिटाचे वजन आणि ४९०४ चा मजकूर एकाच पीडीएफमध्ये जोडून मी वरिष्ठांकडे पाठवला, तेव्हा नोंद बदलली. विक्रेत्याला बीजकावर ‘छापील स्वरलिपी’ आणि ४९०४ हा आकडा आधीच लिहायला सांगावा, म्हणजे हा मनस्ताप टळेल.

तोवर आम्ही मोत्सार्टचे तीन बासेट हॉर्नसाठीचे डिव्हर्टिमेंटो (मोत्सार्टच्या रचनांच्या क्यॉशेल सूचीतील क्रमांक के. ४३९बी) क्लॅरिनेटवर वाजवत होतो. क्लॅरिनेटच्याच कुळातले बासेट हॉर्न स्वरलिपीत लिहिलेल्या ‘सी’ स्वरापर्यंत खाली जाते, क्लॅरिनेट मात्र ‘ई’वरच थांबते, त्यामुळे तिसऱ्या वादकाला काही स्वर वरच्या सप्तकात घ्यावे लागतात आणि खर्जाची बाजू लंगडी पडते. उलच्या रचनेत बेस क्लॅरिनेट नेहमीच्या क्लॅरिनेटच्या एक सप्तक खाली बोलते, तेव्हा वरच्या तिघांना टेकायला जागा मिळते. पहिल्याच तालमीत हे ऐकून आम्ही विलक्षण सुखावलो.

आणखी एक आठवले: पाकीट निघण्यापूर्वीच कुरिअरच्या संकेतस्थळावर केवायसी पूर्ण करावे आणि आधारची प्रत मोबाइलने न टिपता स्कॅनरवर काढावी.