हे तुम्हाला कसं कळलं?

मंगळवार, रात्री साडेअकरा

ऑनलाइन कोर्सची तिसरी असाइनमेंट तपासून आली. पास आहे, गुणही बरे आहेत. पण दुसऱ्या पानावर एका वाक्याखाली रेघ ओढलीय आणि समासात ट्यूटरनी एवढंच विचारलंय: हे तुम्हाला कसं कळलं?

वाक्य माझंच. ‘शिंगाच्या कॅन्सरमध्ये फ्लॅप पद्धतीनं शिंग काढल्यावर माझ्या हातचे रिझल्ट चांगले आहेत.’ फ्लॅप म्हणजे शिंगाच्या बुडाभोवतीची कातडी सोडवायची, शिंग कापायचं आणि त्याच कातडीनं जखम झाकून शिवायची. लिहिताना जराही अडखळले नव्हते. वीस वर्षं शेतकऱ्यांना हेच सांगत आलेय. सोलापुरात खिलार बैलांचा डॉक्टर म्हणून उभं राहायचं तर हे ऑपरेशन यायलाच हवं, आणि मला ते येतं. पण ‘येतं’ आणि ‘बैल बरा होतो’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे आज रात्री पहिल्यांदा नीट दिसलं.

एम.व्ही.एस्सी., म्हणजे पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, करायची राहून गेली. कॉलेज परळचं असो, शिरवळचं असो की परभणीचं, दवाखाना बंद करून दोन वर्षं जाऊन राहणं कधी जमलंच नाही. म्हणून हा ब्रिटिश विद्यापीठाचा ऑनलाइन पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स. 60 क्रेडिट, एका क्रेडिटला अभ्यासाचे 10 तास, म्हणजे 600 तास. रात्री दोन तास धरले तर 300 रात्री. सासूबाई विचारतात, यानं फी वाढवून घेता येईल का? नाही येणार. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला माझ्या नावापुढच्या अक्षरांशी देणंघेणं नाही आणि ते बरोबरच आहे. मला फक्त एवढं हवं होतं की कुणीतरी माझं काम शेजारी उभं राहून बघावं. एकटीनं प्रॅक्टिस करताना चुकीचं सांगणारं कुणी उरत नाही. इंटर्नशिपमध्ये सर मागे उभे असायचे, त्यानंतर कुणीच नाही.

तो प्रश्न म्हणजे मागे कुणी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं.

बुधवार

दुपारी ओपीडी संपल्यावर जुनी रजिस्टरं काढली. उन्हाचा कडाका सुरू झालाय, ज्वारीची काढणी चालू आहे, त्यामुळे दुपारी कुणी येत नाही. शिंगाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनची 14 नावं सापडली. केली असतील याहून जास्त, पण सुरुवातीच्या वर्षांची रजिस्टरंच नाहीत.

प्रत्येक नोंद एकसारखी. शिंगाची नस बधिर करायला कॉर्न्यूअल नर्व्ह ब्लॉक, लिग्नोकेन 2 टक्के, फ्लॅप, टाके, अँटिबायोटिक, दुखण्यावर मेलोक्सिकॅम. मग दोन ड्रेसिंगच्या तारखा, टाके काढल्याची तारीख, आणि पान संपलं. त्यापुढे बैलाचं काय झालं, याला रकानाच नाही.

आणखी एक गोष्ट बोचली. 14 पैकी फक्त दोन बैलांचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून लॅबला पाठवलेला आहे. बाकीच्यांचं निदान माझ्या डोळ्यांनी केलेलं. बैल डोकं झटकतो, शिंग खांबाला घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ पाणी येतं, पुढे शिंग हलायला लागतं. कापल्यावर आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ, सायनसपर्यंत गेलेली. हे बघून शंका राहत नाही, खरंय. पण कागदावर पुरावा नाही तो नाहीच.

शुक्रवार, रात्री

दोन दिवस फोन करत होते. 14 पैकी नऊ जण सापडले. काहींचे नंबर बदललेत, एक गृहस्थ वारले.

नऊपैकी चार बैल ऑपरेशननंतर वर्षभरानेही कामाला होते. दोन विकले, पुढचं मालकांना माहीत नाही. तिघांची गाठ शिंगाच्या जागी परत उगवली आणि ते गेले.

मला आठवत होते ते हेच चार. नावानिशी, रंगानिशी. एकाच्या मालकानं बेंदराला मुद्दाम फोटो पाठवला होता: एका शिंगाला हिंगूळ आणि गोंडा, दुसऱ्या बाजूला नुसती झूल. ज्यांचा बैल बरा झाला ते येत राहिले, हुरडा घेऊन आले, दुसऱ्या गावची माणसं घेऊन आले. बाकीचे आले नाहीत, आणि न येण्याचा अर्थ मी ‘बरा असेल’ असा लावत गेले.

सांगोल्याकडच्या एका आजोबांना फोन लावला. आधी ओळखलंच नाही. मग म्हणाले, “त्यो गेला की मॅडम, दिवाळीच्या आतच गेला. तुमास्नी कळवलं न्हाई. तुमी लई झटला हुता, उगं वाईट वाटंल म्हनून.” मी विचारलं, “शेवटी फार हाल झाले का?” थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “डोळा गेला हुता त्या बाजूचा.”

फोन ठेवल्यावर गच्चीवर जाऊन बसले.

त्यांनी मला जपलं. आणि मी पुढची तीन-चार वर्षं इतर माणसांना ‘रिझल्ट चांगला आहे’ सांगत राहिले.

रविवार

कोर्समध्ये रिफ्लेक्टिव्ह लिखाणासाठी, म्हणजे आपल्याच कामाकडे वळून बघत लिहिण्यासाठी, गिब्ज या शिक्षणतज्ज्ञाची 1988 सालची पद्धत वापरायची असते. काय घडलं, काय वाटलं, काय बरं-वाईट झालं, का झालं, निष्कर्ष, पुढे काय करणार. अशा सहा पायऱ्या. ‘काय वाटलं’ या पायरीपाशी मी दरवेळी दोन ओळी खरडून पुढे जायची. केसपेपरवर भावनांचं काय काम, असं मला मनापासून वाटायचं. आज तिथेच दीड पान झालं. लाज वाटली, हे लिहिलं. आजोबांचा राग आला, हेही लिहिलं, आणि तो राग का चुकीचा आहे तेही.

याच मॉड्यूलच्या वाचनात डायक्लोफिनॅक या ताप-दुखण्यावरच्या औषधाचा विषय होता. आम्ही शिकत असताना ते सर्रास टोचलं जायचं. ताप उतरायचा, जनावर उठून चारा खायचं, मालक खूश. जनावर मेलं तर गावाबाहेर टाकायचं. ते मेलेलं जनावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती, हे 2004 साली ‘नेचर’मधल्या शोधनिबंधानं दाखवून दिलं. 2006 मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरीही माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये ते इंजेक्शन 3 मिलिच्या पॅकपुरतं मर्यादित केलं. 2023 मध्ये जनावरांसाठीची किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक ही त्याच जातीची औषधंही बंद झाली. मेलोक्सिकॅम मी वर्षानुवर्षं वापरतेय ते याच कारणानं, त्यानं गिधाडं मरत नाहीत. ही सगळी माहिती मला आधीपासून होती, परीक्षेत कुणी विचारली असती तर घडाघडा सांगितली असती. पण आज वाचताना वेगळंच दिसलं. टोचणाऱ्यातला कुणीही निष्काळजी नव्हता. जनावर चारा खायला लागलं की आपलं काम झालं, असं सगळ्यांनीच धरलं होतं. पुढे काय होतं ते बघायला कुणीतरी मेलेली गिधाडं उचलून कापून बघावी लागली.

माझ्या रजिस्टरचं पानही तिथेच संपत होतं.

नवीन रजिस्टर आखलं. मालकाचा आणि घरातल्या आणखी एकाचा मोबाइल नंबर. लॅबचा रिपोर्ट. 14 वा दिवस, तिसरा महिना, सहावा महिना, वर्ष. ऑपरेशनआधी शिंग पक्कं होतं की हलत होतं, हाही रकाना. कारण फोनवर सगळ्यांना विचारलं तेव्हा गाठ परत उगवलेल्या तिघांच्या मालकांनीही सांगितलं की बैल आणला तेव्हा शिंग लोंबकळत होतं. तीन बैलांवरून नियम करता येत नाही, हे कोर्सनंच शिकवलंय. पण आता लिहून तर ठेवता येईल.

बुधवार

मोहोळच्या बाजूचा खिलार आलाय. सहा वर्षांचा, पांढराशुभ्र, डावीकडचं शिंग. आठ दिवसांपासून नाकातून रक्त. मालक तरुण आहे, वडील सोबत.

ऑपरेशन समजावून झाल्यावर थोरल्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “गुण येतोय न्हवं?”

माझ्या तोंडावर जुनं वाक्य आलंच होतं. थांबले. म्हटलं, “काका, मी केलेल्यांपैकी नऊ बैलांचा पत्ता लागला. चार वर्षभर चांगले चालले. तिघांचं परत उगवलं, ते गेले. दोन विकले, त्यांचं मला माहीत नाही.”

पोरानं बापाकडे बघितलं. थोरले बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत राहिले. त्यांनी नाही म्हटलं असतं तरी मी समजले असते, आणि तेवढा वेळ मला फार जड गेला. मग त्यांनी विचारलं, “आमी लौकर आणलाय का उशीर केलाय?”

मी परत शिंग धरून हलवून बघितलं. बुडापाशी पक्कं होतं.

“लवकर आणलाय,” मी म्हटलं.

“मग करा.”

शुक्रवारी सकाळी सहाला करायचं ठरलं, ऊन चढायच्या आत. फॉर्मॅलिनची बाटली भरून, नाव घालून बॅगेत ठेवलीय. रजिस्टरात पहिल्या ओळीवर बापाचा नंबर घेतला, खाली पोराचा. निघताना पोरगा म्हणाला, “मॅडम, आईचाबी घ्या. आमा दोघांचा फोन कदीच लागत न्हाई.”

तिसरा नंबर समासात लिहिला.