तारेने कळते की…
बडोद्याच्या दांडिया बाजारात आत्याकडे आज ट्रंका उपसल्या. शालूखाली अंथरलेला जुना मराठी पेपर निघाला. पिवळा पडलेला, कोपऱ्याला डांबरगोळीचा वास. शालू राहिला बाजूला, मी बातम्याच वाचत बसले. जिथे तिथे तार, म्हणजे टेलिग्राम! मुंबईची तार, दिल्लीची तार, 'तारेने कळते की'. बातमी आली कशी हे आधी, घडलं काय ते मग. पेपरांना तारेचा दर सवलतीचा असे, तरी पैसे शब्दांवरच. म्हणून बातमीदार शब्द गाळून पाठवायचे आणि वाक्यं पुरी करायचं काम कचेरीत बसलेल्या उपसंपादकाचं. (बिचारा!) घरोघरी मात्र तार म्हटलं की आधी रडारड, मग वाचन. जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हा आत्या म्हणाली होती, "सुटलो गं बाई!"