कराटेच्या हातात आर्निसची छडी

कराटेत मुरलेला माणूस आर्निसची, म्हणजे फिलिपिन्समधल्या छडीच्या युद्धकलेची, छडी हातात घेतो तेव्हा सगळ्यात आधी चुकतो तो त्याचा रिकामा हात. हिकीतेची, म्हणजे रिकामा हात कमरेशी ओढून घेण्याची, सवय इतकी पक्की असते की उजव्याने फटका मारला की डावा आपोआप कमरेला जातो. आर्निसमध्ये तो हात छातीसमोर वीतभर अंतरावर, पंजा उघडा ठेवून थांबायला हवा. समोरच्याची छडी अडली त्याच क्षणी त्याचं मनगट दाबायचं किंवा बाजूला सारायचं, हे त्या हाताचं काम. कमरेवरून तो तिथवर वेळेत पोचत नाही.

फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटावरच्या हिनिगारानचे रेमी प्रेसास स्वतः कराटे आणि ज्युदो जाणत होते. जुन्या पद्धतीत सरावातही जोडीदाराच्या हातावरच फटका बसे आणि शिकणारे पळून जात. प्रेसासनी छडीवर छडी मारण्याची पद्धत रुजवली आणि आपल्या मॉडर्न आर्निसला ‘तुमच्या कलेतलीच कला’ म्हटलं. कराटेसोबत जोडायला म्हणूनच ही शाखा मला सगळ्यात सोयीची वाटते.

छडी वेताचीच घ्या, 71 सेंमी लांब आणि साधारण अडीच सेंमी जाड. वेत मार खाऊन झिजतो, त्याचे तंतू सुटतात; बांबू मात्र चिरतो आणि त्याची धारदार कपची डोळ्यात जाऊ शकते. गॉगल हवाच. मुठीखाली दोन-तीन बोटं छडी मोकळी सोडा, अगदी जवळून मारायला तेच टोक कामी येतं.

सुरुवात दुहेरी सिनावालीने करा, म्हणजे दोन हातांत दोन छड्या घेऊन ठरावीक क्रमाने फटके मारण्याच्या सरावाने. उजवी छडी उजव्या खांद्यावर, डावी उजव्या काखेत. उजव्याने सरळ (हाताच्या स्वतःच्या बाजूकडून), डाव्याने उलट (विरुद्ध बाजूकडून), उजव्याने उलट असे तीन फटके. तिसऱ्यानंतर उजवी छडी डाव्या काखेत जाते, डावी डाव्या खांद्यावर येते आणि हेच तीन फटके डावीकडून. एकूण 6. गोंधळ नेहमी तिसऱ्यानंतरच होतो, कारण छडी काखेत न जाता बाहेरच लोंबकळत राहते. हात बसले की छड्या खाली ठेवा आणि तेच सहा मोजा. उलट फटक्याच्या जागी शुतो उची, म्हणजे पंजाच्या कडेचा फटका, सापडेल, कानाजवळून निघणारा तोच मार्ग.

दुसरी अडचण कीमेची, म्हणजे फटक्याच्या शेवटी अंग आवळण्याची. कराटेका फटका शेवटी आवळून थांबवतो, त्यामुळे मनगट ताठ होतं आणि आठवडाभरात कोपर दुखू लागतं. लोबतिक म्हणजे आरपार जाणारा फटका, वितिक म्हणजे झटकून परत येणारा. कराटेवाल्यांना वितिक लवकर जमतो, म्हणून पहिले दोन महिने मुद्दाम लोबतिकच करावा.

गेदान बाराईने, म्हणजे हात खाली झाडून अडवण्याच्या कराटेच्या पद्धतीने, छडी अडवू नका. छडीचा वेग टोकाला सर्वाधिक असतो, तिथे हाताचं हाड आलं तर मोडेल. 45 अंशात पुढे घुसून तिच्या मुठीजवळ जा. झेनकुत्सु दाची, म्हणजे पुढचा पाय वाकवून लांब उभं राहण्याची पद्धत, यासाठी फार लांब पडते. पाय खांद्यांच्या रुंदीइतके जवळ आणा, टाच हलकी ठेवा.

प्रेसासांच्या हल्ल्याच्या 12 कोनांपैकी 5 भोसकण्याचे आहेत: पोट, छातीच्या दोन बाजू, दोन डोळे. ते कराटेकाला चटकन जमतात कारण त्झुकीची, म्हणजे सरळ ठोशाची, रेषा अंगात असते. म्हणून सरावात उरलेल्या 7 फटक्यांवर जास्त भर द्या, विशेषतः गुडघ्यांवरच्या 8 आणि 9 क्रमांकांवर. तिथे खाली वाकताना डोकं पुढे येतं आणि समोरच्याचा 12वा फटका, थेट टाळूवरचा, मोकळा मिळतो.