आधी होआ लू, मग हनोई

व्हिएतनामला पहिल्यांदाच निघालेल्या आणि हाताशी जेमतेम आठवड्याची रजा असलेल्या माणसाला आपल्याकडच्या प्रवासी कंपन्या जो कार्यक्रम देतात, त्यात हनोई, हा लाँग, दा नांग, होई आन आणि हो ची मिन्ह सिटी ही सगळी नावे दाटीवाटीने बसवलेली असतात. खेड्याच्या वाट्याला येतो तो हनोईहून सकाळी निघून रात्री परतणाऱ्या बसमधला एखादा दिवस. आम्हालाही असाच कागद मिळाला. आईचा तो पहिलाच परदेश प्रवास होता आणि तिच्या गुडघ्यांना आता फार दगदग सोसत नाही. कागद वाचून झाल्यावर तिने विचारले, "अगं, यात निवांत बसायचं कधी?" त्या प्रश्नासरशी बाकीची शहरे गळाली. राजधानी हनोई आणि तिच्या दक्षिणेला रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर असलेला निन्ह बिन्हचा ग्रामीण भाग, एवढेच आम्ही ठेवले. "तिकडे मुक्काम करून करणार काय?" असे कंपनीतल्या माणसाने फोनवर विचारले, ते मला मनापासून लागले. ज्या मुलखात माणसे शेती करतात, मासे पकडतात, देवळे सांभाळतात, तिथे पाहुण्याला करण्यासारखे काहीच नाही, असे कुणी इतक्या सहज कसे म्हणू शकते?

दुसरा निर्णय क्रमाचा होता. बहुतेक लोक आधी राजधानी पाहतात आणि मग वेळ उरला तर खेड्याकडे वळतात. मी ते उलटे ठरवले, कारण निन्ह बिन्हजवळचे होआ लू हीच या देशाची जुनी राजधानी आहे. आपापसांत लढणाऱ्या सरदारांना नमवून दिन्ह बो लिन्ह याने 968 मध्ये तिथे राज्य उभे केले. पुढे 1010 मध्ये ली थाय तो या राजाने राजधानी उत्तरेला, आजच्या हनोईच्या जागी हलवली. म्हणजे आधी होआ लू आणि मग हनोई हा या देशाने स्वतः केलेला प्रवास आहे, आणि छोट्या सहलीत तोच क्रम धरला तर दोन्ही ठिकाणे एकमेकांना जोडली जातात. शिवाय विमानाचे जागरण झालेल्या म्हाताऱ्या माणसाला हनोईच्या जुन्या भागातल्या दुचाकींच्या लोंढ्यात नेऊन सोडण्यापेक्षा थेट गाडी करून गावी नेणे केव्हाही बरे. हनोईच्या नोई बाय विमानतळापासून अडीच-तीन तासांत आम्ही निन्ह बिन्हमधल्या ताम कोकला पोहोचलो आणि तो दिवस झोपण्यात गेला.

आमचा मुक्काम एका कुटुंबाच्या घरामागे बांधलेल्या खोल्यांमध्ये होता. आई शाकाहारी, त्यामुळे जेवणाची मला काळजी होती, कारण तिथल्या स्वयंपाकात मासळीचे खारे पाणी जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडते. पण तिथे अनेक बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासळी वर्ज्य असते, त्यामुळे घरच्या सुनेला आमचे पथ्य भाषांतराच्या अ‍ॅपवरून एकदा सांगितल्यावर पुन्हा सांगावे लागले नाही. टोफू, पालेभाजी आणि भात यांच्यासोबत तिने 'कोम चाय' आणून ठेवले. ही निन्ह बिन्हची खासियत म्हणजे भांड्याच्या बुडाला धरलेला भाताचा थर वाळवून तळलेला असतो. एरवी त्यावर मांसाचा रस्सा किंवा चुरा घालतात, आमच्यासाठी तिने तो कोराच ठेवला होता. "ही तर खरवड!" असे म्हणून आईने तो कुडुमकुडुम खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास आम्ही नावांच्या धक्क्यावर गेलो. मे महिन्याच्या अखेरीस तिथे उन्हाचा आणि दमटपणाचा असा काही मारा असतो की दहानंतर उघड्या नावेत बसणे वयस्कर माणसाला झेपणारे नाही. न्गो दोंग नदी चुनखडीच्या उभ्या सुळक्यांमधून वळणे घेत जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना, जवळजवळ पाण्याच्याच पातळीवर, भाताची खाचरे आहेत. आम्ही गेलो तेव्हा पीक हिरव्याचे पिवळे होत होते. एका नावेत आम्ही दोघीच होतो. नाव चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या असाव्यात. मागच्या टोकाला पाठ टेकून त्या बसल्या, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि दोन्ही तळपाय वल्ह्यांच्या मुठींवर टेकवून नाव लोटू लागल्या. फोटोंत पाहिलेला हा प्रकार पर्यटकांच्या करमणुकीसाठी असेल असे मला वाटले होते, पण जवळून पाहिल्यावर त्यामागचा विचार कळला. पायांत हातांपेक्षा ताकद अधिक, पाठीला आधार मिळतो, तोंड पुढे राहिल्याने वाट दिसते, आणि हात मोकळे राहतात. त्यांचे पाय आळीपाळीने पुढे-मागे होत होते, टाचांना भेगा पडल्या होत्या आणि मुठींचे लाकूड तळव्यांच्या घासण्याने गुळगुळीत झाले होते.

एका वळणावर नाव खाचराला घासून गेली, तेव्हा आईने हात लांबवून एक लोंबी हातात धरली आणि बाईंकडे विचारणाऱ्या नजरेने पाहिले. त्यांनी मान डोलावल्यावर तिने दोन दाणे सोलून दाताखाली धरले. आईचे सगळे बालपण राजापूरकडच्या भातशेतीत गेले आहे. "दूध आटलंय, पण दाणा अजून कडक नाही. चार दिवस थांबायला हवं," ती मला म्हणाली आणि बाईंना तिने नकाराची मान हलवून, मग विळा चालवल्यासारखा हात करून दाखवला. बाई मोठ्याने हसल्या. त्यांनी मोकळ्या हाताने सूर्याकडे बोट दाखवून ते काही वेळा गोल फिरवले आणि मग तसाच विळा चालवून दाखवला. त्यानंतर परतेपर्यंत त्या दोघींचे हातवाऱ्यांनी बोलणे चालले होते आणि मी मध्ये बोलण्याचे कारणच उरले नाही. आईने कमरेत वाकून लावणीचा हात करून दाखवला, बाईंनी तो अंगठ्याने रोप दाबून दुरुस्त केला. नदीच्या वाटेवर तीन गुहा लागतात; त्यांपैकी पहिली सव्वाशे मीटरच्या आसपास लांब आहे आणि तिचे छत जागोजागी हाताला लागेल इतके खाली येते. अंधारात शिरताना बाईंनी आईच्या पाठीवर हात ठेवून तिला अलगद वाकवले आणि उजेड येईपर्यंत तो हात काढला नाही.

तिसऱ्या गुहेपलीकडे मात्र विक्रेत्यांच्या नावा वाट पाहत असतात आणि "तुमच्या नावाडीणबाईंसाठी काहीतरी विकत घ्या" असा त्यांचा आग्रह फार चिवट असतो. बाईंना काही द्यायचे तर ते उतरताना त्यांच्याच हातात द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आम्ही तसेच केले.

आम्ही परतलो तोपर्यंत हनोईच्या बसगाड्या लागल्या होत्या. भर उन्हात लोक रांगेत होते, मार्गदर्शक झेंडे उंचावून घाई करत होते आणि नावांमागे नावा लागल्या होत्या. त्या प्रवाशांना दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांना दिलेल्या कागदावर त्याच दिवशी होआ लू आणि मुआ गुहेजवळच्या डोंगराच्या सुमारे पाचशे पायऱ्याही होत्या. पण त्यांच्यापैकी कुणालाही लोंबी हातात धरायला सवड मिळणार नव्हती, आणि याचे मला तेव्हा खरोखर वाईट वाटले.

होआ लूला आम्ही उन्हे कलल्यावर गेलो. जुन्या नगरीचे फारसे काही उरलेले नाही. दिन्ह आणि ले या राजांची देवळे आहेत, तीही नंतरच्या काळात पुन्हा बांधलेली. तिथे लक्षात राहते ती ले देवळात मूर्ती असलेली राणी दुओंग वान न्गा. तिचा नवरा, पहिला राजा दिन्ह बो लिन्ह, 979 मध्ये मारला गेला, मुलगा लहान होता, सीमेवर चीनचे सोंग सैन्य येऊ घातले होते, तेव्हा तिने सेनापती ले होआनला राज्य दिले आणि त्याने 981 मध्ये ते सैन्य परतवले. आईने तिच्यासमोर बराच वेळ हात जोडले होते. देवळाबाहेर उभे राहून चारही बाजूंचे डोंगर पाहिले की ही जागा लढण्यासाठी का निवडली आणि शांतता आल्यावर का सोडली, हे दोन्ही सांगावे लागत नाही.

निन्ह बिन्हहून रेल्वेने सव्वादोन तासांत हनोई आले. रस्ता ओलांडताना आईने माझा हात घट्ट धरला होता, पण होआन किएम तळ्याच्या काठी ली थाय तोचा पुतळा दिसल्यावर तिने स्वतःहून विचारले, "डोंगरातून राजधानी इथे आणली, तो हाच ना?" हनोईतले साहित्य मंदिर, म्हणजे कन्फ्यूशियसचे देऊळ, 1070 मध्ये त्याच्याच घराण्यात बांधले गेले, हे सांगितल्यावर तिने तिथल्या कासवांच्या पाठीवर उभारलेल्या 82 शिलालेखांमधून सावकाश फेरी मारली. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावे दगडात कोरण्याची कल्पना तिला, निवृत्त शिक्षिका असल्याने, फारच आवडली.

आता माझी मावशी आणि काका हीच सहल आखत आहेत. त्यांना मी मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा हा काळ सुचवला आहे, कारण कापणी झाल्यावर पावसाळ्यात ही खाचरे पाण्याखाली जातात. कंपनीने त्यांनाही तोच पाच शहरांचा कागद दिला आहे आणि आईने त्यावर पेन्सिलीने चार शहरे खोडून ठेवली आहेत.