तुळईतली वर्तुळं

आज चौकटीसाठी लाकूड बघायला ठाण्यात एका वखारीत गेले होते. कोपऱ्यात पाडलेल्या जुन्या घराची सागवानी तुळई पडलेली. टोक ओल्या फडक्याने पुसलं आणि नखाने झाडाच्या वयाची वर्तुळं मोजत बसले. 94 वर बोट थांबलं, पुढची करवतीने नेली होती.

एकदम कॅलिफोर्नियातल्या कॅलाव्हेरसचा तो सिकोया, म्हणजे तिथला अवाढव्य वृक्ष, आठवला. 1853 साली पाडला. पाच माणसं गिरमिटाने बुंध्याला भोकं पाडत राहिली, तीन आठवडे! झाडाचं वय हजाराच्या वर. आणि उरलेल्या बुंध्यावर लोक नाचले, अक्षरशः नाचायची जागा केली त्याची. हे वाचल्यापासूनचा राग अजून जात नाही.

तुळई घेतली. सुतारकाकांना सांगितलंय, त्या टोकाला रंधा लावू नका.