माझा अनुभव: मालकाच्याच कर्जावर घेतलेली सहा फ्लॅटची बिल्डिंग

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडला लागून लेकवुड आहे. तिथली 1920च्या दशकातली, सहा फ्लॅटची विटांची बिल्डिंग. मागणी 6 लाख डॉलर. मालक सत्तरी उलटलेले. सगळे पैसे एकदम घेतले तर नफ्यावरचा कर एकाच वर्षात अंगावर येतो, म्हणून 90 हजार रोख आणि बाकीचे 5 लाख 10 हजार हप्त्यांनी घ्यायला तयार. व्याज 6 टक्के, हप्ता 30 वर्षांच्या हिशेबाने, पण पाच वर्षांनी उरलेली सगळी रक्कम एकदम. त्याला इथे बलून म्हणतात.

त्यांच्या कागदावर वर्षाचं भाडं 68,400, खर्च 20,000. हप्ता जाऊन 11,700 हातात, म्हणजे नव्वद हजारांवर 13 टक्के! बायको म्हणाली, "एवढं चांगलं आहे तर विकतायत कशाला?"

कागदावर दुरुस्तीसमोर शून्य होतं. त्याचं कारण तळघरात दिसलं. सगळी बिल्डिंग गरम ठेवणाऱ्या बॉयलरशेजारी खिळ्यांना नट-बोल्ट आवळायचे पाने ओळीने टांगलेले, प्रत्येकाच्या मागे भिंतीवर पेन्सिलने काढलेला त्याचा आकार. प्लंबर मालकच, मॅनेजरही तेच. स्वतःची मजुरी त्यांनी कधी धरलीच नव्हती.

घरी येऊन नव्याने मांडलं. रिकाम्या फ्लॅटपोटी 5 टक्के वजा केले. काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) साइटवरचा मालमत्ता कर, विमा, पाणी, मॅनेजर, दुरुस्ती, आणि बॉयलर एकच असल्यामुळे आपल्याच माथी येणारा गॅस धरून खर्च निघाला 41,700. उरले 23,280 आणि हप्ता 36,700. वर्षाला 13,400 खिशातून!

फ्लॅटमागे 10 हजार घालून महिन्याचं भाडं 950चं 1,250 केलं, तर वर्षाला साडेपाच हजार उरत होते. दीड लाख गुंतवून साडेतीन टक्के. पण खरी झोप उडवली बलूनने. पाच वर्षांनी 4,74,600 देणं. तेव्हाचं हप्त्याआधीचं निव्वळ उत्पन्न 42,160. 7 टक्के कॅप रेटने (म्हणजे निव्वळ उत्पन्न किमतीच्या 7 टक्के धरून) किंमत जेमतेम 6 लाख, आणि बलून फेडायला बँक त्याच्या 75 टक्केच कर्ज देणार असं मी धरलं. वरचे 23 हजार कुठून आणायचे?

किमतीवर घासाघीस केली असती तर म्हातारबुवा उठूनच गेले असते. तो आकडा त्यांनी मुलाला सांगून ठेवला होता. म्हणून म्हटलं, किंमत तुमची, पण व्याज 5 टक्के आणि बलून दहा वर्षांनी. मग हप्ता 32,850 वर येत होता आणि दहाव्या वर्षी बाकी 4 लाख 15 हजार. परतावा सहा टक्क्यांच्या आसपासच होता, पण गळ्याला फासही नव्हता. पहिल्या वर्षाच्या तुटीसाठी दहा हजार वेगळे काढले.

तीन आठवडे काही उत्तर नाही. मग फोन आला. कबूल, पण तळघरातले पाने ते घेऊन जाणार.