टाळ, एमटी टू आणि ४४.१: व्हीएस-१६८०ची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत म्हटलं होतं, भजनी मंडळाचे आठ अभंग रोलँड व्हीएस-१६८०वर (अनेक ट्रॅक वेगवेगळे घेऊन मिक्स करणारं रेकॉर्डिंग मशीन) घेऊन झालेत, आता फक्त सीडी काढायची. ते 'फक्त' अंगाशी आलं.

मशीनने सीडी लिहायला साफ नकार दिला. चूक माझी. नवीन साँग, म्हणजे या मशीनवरचं रेकॉर्डिंगचं काम, उघडताना सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल, घ्यायचे) ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे ४८ हजार, ठेवला होता. म्हटलं, जास्त ते चांगलं. ऑडिओ सीडीला चालतं ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनल, एवढंच. आणि या मशीनवर रेट काय नि रेकॉर्डिंग मोड (आवाज कशा रीतीने साठवायचा) काय, साँग उघडताना ठरला तो ठरला.

मग डिजिटल आउटमधून मिक्स कॉम्प्युटरवर घेतला आणि घाईत फाईल ४४.१ची समजून उघडली. बुवा विहिरीतून गातायत! काळी एकची पेटी जवळजवळ दीड पट्टी उतरून पांढरी एक आणि पांढरी सात यांच्या मधेच कुठेतरी लटकलेली. चार मिनिटांचा अभंग ४ मिनिटं २१ सेकंदांचा. रीतसर कन्व्हर्ट करता आलं असतं, पण मंडळ दर गुरुवारी बसतंच. सगळं पुन्हा घेतलं.

(४४.१ हा अडनिडा आकडा व्हिडिओ टेपमुळे आला. सुरुवातीचा डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवत: सेकंदाला ६० फील्ड (व्हिडिओची अर्धी-अर्धी चित्रं), प्रत्येकात वापरायच्या २४५ ओळी, ओळीला ३ सॅम्पल. गुणून बघा.)

आता मोड. मास्टरिंग मोडमध्ये सरळ १६ बिट, कॉम्प्रेशन (जागा वाचवायला डेटा आवळणं) नाही, पण एका वेळी आठच ट्रॅक वाजतात. माझे सहा माइक आणि मिक्सचे दोन ट्रॅक, की खेळ खलास. मागून टाळाची जोडी भरायला जागाच नाही. शिवाय एका ट्रॅकला मिनिटाला ५.३ एमबी, म्हणजे आठ ट्रॅकला ४२. डिस्कच्या दोन जीबीच्या पार्टिशनमध्ये (एका कप्प्यात) जेमतेम ४७ मिनिटं. आमचे बुवा नुसत्या आलापात पाच घालवतात.

म्हणून एकाच अभंगाचा तुकडा मल्टिट्रॅक प्रो आणि एमटी टू, या दुसऱ्या दोन मोडमध्ये घेतला. या दोन्हींत रोलँडचं स्वतःचं कॉम्प्रेशन असतं, एमटी टूमध्ये जास्त. पखवाज आणि पेटीत माझ्या कानाला फरक सापडला नाही. चहाडी केली टाळांनी. एमटी टूमध्ये टाळाची विरत जाणारी आस शेवटी वाळू सांडल्यासारखी खरखरते. मल्टिट्रॅक प्रोमध्ये हेडफोन लावूनही तसं काही ऐकू आलं नाही. तोच घेतला, ४४.१वर.

सीडी बर्न करताना ट्रॅक-ॲट-वन्समध्ये (एकेक ट्रॅक सुटा लिहिण्याची पद्धत) दोन ट्रॅकांमध्ये दोन सेकंदांची शांतता येते. अभंगातून थेट गजरात जायचं तिथे ती फार टोचते, म्हणून ते दोन्ही एकाच ट्रॅकवर ठेवले.

पहिली सीडी बुवांनी गाडीत लावली. ऐकून एवढंच म्हणाले, "पखवाज जरा पुढे घे रे." मिक्स पुन्हा उघडलाय.